वकीलसाहेबांच्या कोटावरचं गंधक

नाही, नाही, तुम्हीच मला सांगा... शिंप्याच्या टेबलावर काय असावं? कात्री असावी, खडू असावा, टेप असावी, फार तर चहाचा एखादा कप असावा, तोही कापडापासून हातभर लांब! गंधक असावं का? लोखंडाचा कीस असावा का? घोड्याच्या नालासारखा तो लाल रंगाचा चुंबक असावा का?... बसा, बसा, उभे कशाला, त्या बाकावर बसा, मापं घेतोच आहे मी तुमची सगळ्यांची, पण आधी हे ऐकून घ्या, कारण हे पोटात ठेवून मी माप घ्यायला लागलो ना, तर तुमची कंबर खांद्याच्या जागी लिहून ठेवीन! माझा काडीचाही संबंध नव्हता हो ह्या सगळ्याशी. मी आपला साधा कोट शिवत होतो!

कोट कुणाचा, तर वकीलसाहेबांचा. तुम्ही ओळखताच त्यांना. त्यांनी दोन प्रश्न विचारले की समोरचा माणूस न केलेला गुन्हासुद्धा कबूल करतो! तर ते न्यायाधीश होणार होते, दुसऱ्या दिवशी सकाळी शपथ, आणि शपथेला नवा काळा कोट. कापड त्यांचं स्वतःचं. सासऱ्यांनी कुठून तरी लांबून आणलेलं, काळंभोर, हात फिरवला तर लोण्यासारखं, आणि नेमकं एका कोटापुरतं! वीतभर जास्त नाही. मला म्हणाले, (ते असे चष्म्याच्या वरून बघतात) “मास्तर, हे कापड पुन्हा मिळणार नाही. कोट मनासारखा झाला तर आमच्या न्यायालयातले सगळे काळे कोट तुमच्याकडे पाठवतो. नाही झाला तर...” आणि नुसतं रस्त्यापलीकडच्या त्या रेडीमेडच्या दुकानाकडे पाहिलं. अहो, त्या दुकानाने आधीच माझी अर्धी गिऱ्हाइकं गिळली आहेत! मी मान डोलावली, घाम पुसला, आणि कामाला लागलो.

आता बाळ. बाळ म्हणजे माझा मेव्हणा, आमच्या हिचा धाकटा भाऊ. बाळाला मिशी आहे, बाळाला मागून टक्कल पडायला लागलंय, पण घरात सगळ्यांचा बाळ! इथल्या शाळेत विज्ञान शिकवायला लागला, नोकरी कच्ची, आणि ती पक्की व्हायची तर मुख्याध्यापक बाईंसमोर एक नमुना पाठ घ्यायचा. विषय काय, तर चुंबक, आणि ती... संयोग अभिक्रिया. राहायला अर्थात आमच्याकडे, वरच्या मजल्यावर. पाठाची तालीम कुठे करायची? स्वयंपाकघरात गॅसवर करायला गेला, तर हिने पहिल्याच वासाला त्याला उलथनं दाखवलं. आणि पाठवला कुठे? “अहो, तुमचं टेबल केवढं मोठं आहे, बसू दे की कोपऱ्यात. तो काय तुमचं खातोय?” आता खातोच, पण ते वरच्या मजल्यावर, त्याचा हिशेब दुकानात कसा मांडणार!

आला. कोपऱ्यात बसला. तुम्हाला सांगतो, ह्या माणसाला कोपरा म्हणजे काय हेच माहीत नाही. पाण्यासारखा पसरतो. मी कॉलर कापतोय आणि हा माझ्या कानाशी, “दाजी, साधी सुई चुंबकावर एकाच दिशेने घासत राहिलं, की सुईचाच चुंबक होतो. बघा, घासतो.” मी म्हटलं, घास बाबा, एक सुई गेली तर गेली. एक? अहो, मी जेवून खाली येतोय तर ह्याने माझी सगळी डबी घासून ठेवलेली! सुया, टाचण्या, सगळं! एक टाचणी उचलावी तर तिच्या मागे तिची आई, मावशी, चुलत बहीण, सगळा गोतावळा लोंबकळत वर! कात्री हातात घ्यावी तर कात्रीला दाढी फुटल्यासारख्या टाचण्या! मी ओरडलो, “अरे, हे काढ!” तर शांतपणे म्हणतो कसा, “सोपं आहे दाजी, चुंबकत्व घालवायचं तर तापवायचं किंवा जोरात आपटायचं.” मी सुया आपटू? मी शिंपी आहे की धोबी? आणि वर मला धडा, “सजातीय ध्रुव एकमेकांना दूर ढकलतात, विजातीय ध्रुव ओढून घेतात.” मी म्हटलं, मग तू आणि मी एकाच टेबलाशी कसे काय टिकलोय? तर हसून म्हणाला, “तुम्हाला नाही कळायचं.” मला कळायचंच नव्हतं! मी आपला साधा कोट शिवत होतो!

बरं, कोट होत आला. अंग जुळलं, अस्तर लागलं, बाह्या टाचण्यांनी जागेवर बसवल्या, फक्त शिलाई मारायची, बटणं लावायची, इस्त्री फिरवायची. संध्याकाळी साहेब येणार. कोट टेबलावर उताणा पसरलेला, आणि त्याच्या शेजारी... शेजारी म्हणजे किती शेजारी? एवढं! बोट ठेवायला जागा नाही. तिथे बाळाने कागद पसरला. एका पुडीत शेजारच्या लेथवाल्याकडून आणलेला लोखंडाचा बारीक कीस, दुसऱ्या पुडीत पिवळं धम्मक गंधक. दोन्ही कागदावर ओतलं, काडीने कालवलं. “दाजी, इकडे बघा.” मी नाही बघत. “दाजी, एकदाच बघा, पाठ उद्या आहे, मला समोर कुणीतरी विद्यार्थी लागतो.” म्हणजे ह्या वयात मी विद्यार्थी! पाहिलं. ह्याने चुंबक कागदावरून फिरवला, आणि कीस सगळा उडून चुंबकाला! गंधक आपलं जागच्या जागी. “कळलं? ह्याला म्हणतात मिश्रण. लोखंड आणि गंधक शेजारी बसलेत, पण दोघांनी आपापला स्वभाव सोडलेला नाही. म्हणून साध्या उपायाने वेगळे होतात. आता हेच जर तापवलं, तर दोघांचा संयोग होऊन एक तिसराच काळा पदार्थ तयार होतो, आयर्न सल्फाइड. मग त्याला चुंबक लावा नाहीतर हात जोडा, लोखंड बाहेर येत नाही!” आणि मग आवाज खाली आणून, “पण माझं ते जमतच नाही दाजी. किती वेळा परीक्षानळी तापवली, चुंबक लावला की मेलं चिकटतंच. बाईंसमोर असं झालं तर नोकरी गेली माझी.”

आता खोटं कशाला बोलू, मला त्याचं वाईट वाटलं. एवढा मोठा बाळ, डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, जमेल रे, घाबरू नकोस, पुन्हा कालव. त्याने कीस पुन्हा गंधकात सोडला, मन लावून कालवला, पार पीठ होईपर्यंत. आणि त्याच वेळी, त्याच क्षणी, आमची ही चहा घेऊन खाली आली. “अगं बाई, किती उकडतंय इथे! माणसं आहात की कोण?” आणि तिने पंखा लावला.

पंखा लावला! पाचवर!

मी “नको” म्हणेपर्यंत ते पीठ कागदावरून उठलं आणि सगळंच्या सगळं कोटावर! काळा कोट, त्यावर पिवळा थर, त्यात करडा कीस. बाळ दोन्ही हात पसरून पंख्याच्या आणि कोटाच्या मध्ये उभा, जसं काही वारं अडणार आहे त्याच्याने! मी पंख्याचं बटण शोधतोय. आणि ही? ही कप हातात धरून म्हणते, “पदार्थ झाकून ठेवायचे असतात हे तुम्हाला कुणी शिकवलं नाही का?”

मी तर डोकं धरून खालीच बसलो. पण बाळ, काय सांगू तुम्हाला, एकदम खूश! “दाजी, मुळीच घाबरू नका! हे मिश्रण आहे! लोखंड मी चुंबकाने ओढून घेतो, राहिलेलं गंधक ब्रशने झटकू. कोटाला काही होणार नाही, विज्ञानाचा शब्द आहे!” आणि फिरवला चुंबक कोटावर. कीस यायला लागला हो! मी म्हटलं, वा, शिकलेला माणूस घरात असावा. कीस आला... आणि किसाच्या मागोमाग टाचण्या यायला लागल्या! डाव्या बाहीच्या टाचण्या, उजव्या बाहीच्या टाचण्या, सुटकेस भरून माहेरी निघाल्यासारख्या एकामागून एक! “थांब! थांब!” करतोय तोवर दोन्ही बाह्या खांद्यापासून सुटून खाली! समोर काय उरलं? बनियन! न्यायाधीशांचं काळं बनियन! मी आपला साधा कोट शिवत होतो हो!

मग मी त्याला काय काय बोललो ते सांगत नाही, समोर एक-दोन वयस्कर मंडळी बसलीत. ही मध्ये पडली, “ओरडताय कशाला त्याच्यावर? त्याने टाचण्या काढल्या, फेकल्या तर नाहीत ना?” बाळ ब्रश आणायला वर पळाला. मी दात-ओठ खात बाह्या पुन्हा बसवल्या, शिलाई मारली, बटणं लावली. घड्याळ बघतोय, रस्त्याकडे बघतोय. बाळाचा पत्ता नाही. नंतर कळलं, ब्रश सापडला होता, पण ताईने भाऊराया दमला म्हणून त्याला जेवायला बसवलं होतं! मी हातानेच कोट झटकला, फुंकर मारली, बराचसा पिवळेपणा गेला. पण डाव्या बाजूला, काखेच्या जरा खाली, कापडाची लव दाट होती तिथे थोडी भुकटी आत जाऊन बसलेली. ती काही निघेना. मग शिंपी काय करतो? अहो, कुठलाही शिंपी काय करतो? ओलं फडकं ठेवतो आणि वरून कडक इस्त्री दाबतो! जन्मभर तेच केलंय! चहा सांडो, खडू राहो, सुरकुती पडो, ओलं फडकं आणि इस्त्री! मी फडकं पिळलं, ठेवलं, आणि सगळा राग त्या इस्त्रीवर काढून दाबली.

चर्रर्र झालं. मग थोडी वाफ... मग धूर... आणि मग वास! काय सांगू! टोपलीभर अंडी महिनाभर विसरून गेल्यासारखा वास! बाहेर लेथवाल्याने मशीन बंद केलं. वरून ही ओरडली, “अहो, काय जळलं?” इस्त्री उचलली, फडकं सोललं, तर कोटावर तळहाताएवढा काळा, कडक, चकचकीत खरपुडीसारखा डाग! बोटाने दाबला तर टक्क वाजतोय!

बाळ हात न धुता धावत आला. मी वाट बघतोय, आता हा म्हणेल, दाजी, माफ करा. छे! कोटाजवळ गेला, वाकून वास घेतला, (त्या वासात माणूस वाकतो कसा हेच मला कळत नाही) खिशातून चुंबक काढला, डागावर टेकवला, उचलला. काही नाही आलं. पुन्हा टेकवला. काही नाही! आणि माझ्या गळ्यात पडला हो! “दाजी! तुम्ही केलंत! संयोग अभिक्रिया! माझ्याने जी होत नव्हती ती तुम्ही इस्त्रीने केलीत! आता कळलं माझं काय चुकत होतं! मी कीस भारंभार घालत होतो, शिल्लक राहिलेलं लोखंड चिकटत होतं. तुमच्या कोटावरचा जाडा कीस चुंबकाने आधीच निघाला होता, बारीक तेवढा राहिला, गंधक भरपूर, वर ओलं फडकं, वर उष्णता... प्रमाण बरोब्बर जमलं!”

मी म्हटलं, प्रमाण गेलं खड्ड्यात, हे काढ. तर त्याचा चेहरा एकदम शिक्षकासारखा झाला. “नाही निघायचं. मिश्रण होतं तोवर साध्या उपायाने निघालं असतं. तुम्ही त्याचं संयुग करून टाकलंत. मी ब्रश आणेपर्यंत थांबायचं ना!” आणि दारातून ही, “तेच म्हणते मी! इस्त्री कुणी फिरवली? बाळाने फिरवली का?” घ्या! पंखा हिचा, कीस त्याचा, आणि गुन्हेगार कोण? मी! मी आपला साधा कोट शिवत होतो हो!

तुम्हाला सांगतो, तेव्हा मात्र मी कात्री, टेप सगळं बाजूला ठेवलं. ते कापड पुन्हा मिळणार नव्हतं. समोरच्या दुकानातले दिवे लागत होते, आणि मला वाटलं, संपलं आपलं, उद्यापासून लोकांच्या पँटी आखूड करत बसायचं. मग ही दारातून आत आली. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “एखादा तुकडा उरलाय का हो?” उरला होता, तेवढाच, तळहाताएवढा. मी त्याचा खिसा केला आणि डागावर बसवला. आता काखेच्या खाली, बरगडीवर कुणी खिसा लावतं का? कुणी नाही लावत! जगात कुणी नाही! पण डाग तिथे होता, मी काय करू?

आणि साहेब आले. नाक वर करून आले. “मास्तर, वास कसला हा?” मी म्हटलं, गटार तुंबलंय साहेब. मागे बाळाने तोंड उघडलं, “खरं म्हणजे साहेब, तो वायू...” हिने त्याच्या पायावर पाय दिला. साहेबांनी कोट घातला, आरशात पाहिलं, आणि बोट बरोबर तिथेच. “हा खिसा इथे का?” “नवी पद्धत आहे, साहेब.” “कुठली?” “...न्यायाधीशांची.” “असं? असा खिसा लावलेल्या एका न्यायाधीशांचं नाव सांगा.” अहो, मला घाम! “तुम्ही पहिलेच, साहेब.” “म्हणजे पद्धत नाही. मग पद्धत आहे असं का सांगितलंत?” मी आता सगळं कबूल करणार होतो, पंखा, कीस, गंधक, लहानपणी शेजाऱ्याची फुलं तोडली तेही! तेवढ्यात साहेबांनी चष्मा काढला आणि सवयीने खिशात सरकवला. बसला! अगदी बेतशीर! त्यांनी वरून थोपटलं. टक्क! थबकले. बोटाने टिचकी मारली. टक्क! पुन्हा मारली, जरा जोरात. टक्क! त्यांचा चेहरा असा उजळला ना... “मास्तर, आयुष्यभर मी चष्म्यावर बसत आलोय. आज पहिल्यांदा कुणीतरी त्याला कडक जागा दिली. आत ताठपणाला बकरम कोणतं घातलंय?” मी वर छताकडे पाहिलं. म्हटलं, “खास आहे, साहेब.”

गेले! कोट घालूनच गेले! मी खुर्चीत कोसळलो. त्या रात्री काय झोप लागली म्हणून सांगू! दुकान वाचलं, कोट गेला, विषय संपला. बाळ सकाळी माझी इस्त्री आणि ओलं फडकं घेऊन शाळेत गेला, बाईंसमोर तेच करून दाखवलं आणि नोकरी पक्की करून आला. झालं, सगळ्यांचं भलं झालं!

आणि मग साहेब दुसरं कापड घेऊन आले. “हुबेहूब तसाच.” मी चांगलं जाड बकरम घातलं, दुहेरी घातलं. त्यांनी टिचकी मारली. फस्स! “मास्तर, हे ते नव्हे. न्यायालयात गडबड झाली की मी एक टिचकी मारतो आणि सगळे गप्प होतात. ह्या आवाजाला कोण गप्प होणार?” मी पत्रा घातला, तर म्हणे टोचतो. पुठ्ठा घातला, तर म्हणे घामाने मऊ पडतो. शेवटी काय करणार? एका चिंधीवर थोडा कीस, थोडं गंधक... पण कीस जास्त झाला की ते चिकटून राहतं, गंधक जास्त झालं की पिवळं डोकावतं, आणि ते प्रमाण, ते मेलं प्रमाण, मला जमत नाही हो! ते एकट्या आमच्या बाळालाच जमतं!

आणि आता तुम्ही. सगळे बाररूममधून उठून थेट माझ्या बाकावर. दहा-बारा काळे कोट! आनंद आहे, नाही कशाला म्हणू, ह्याच्यासाठीच तर जीव टाकत होतो. पण विचारून ठेवतो, खिसा नेहमीच्या जागी, साध्या बकरमचा, चालेल ना? तुम्हाला?... नको. तुम्हाला?... तुम्हालाही टक्क हवं. तुम्ही तरी, काका, तुमचं वय झालं, तुम्हाला कुणाला गप्प करायचंय?... बरं, बरं, घरी. समजलं.

मग बसा जरा. नाकाला रुमाल लावा. तो पंखा मात्र कुणी लावू नका, हात जोडतो. आणि एक विनंती, तो खाली आला की त्याला बाळ म्हणून हाक मारू नका, आता तो ओ देत नाही... सर! अहो सर! जेवण झालं असेल तर खाली येता का? टेबल पुसून ठेवलंय... हो हो, सगळं टेबल तुमचंच आहे, मी कोपऱ्यात बसतो.